सरांच्या खुणा सरांच्याच नावावर राहू देत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात मी कामाला लागलो, तेव्हा माझ्याकडे जीसीसी-टीबीसी या सरकारी संगणक-टायपिंग परीक्षेची दोन सर्टिफिकेटं होती, मराठी ३० आणि ४० शब्द मिनिटाला. बोटांना वेग होता. पण गिऱ्हाईक "हे सगळं एकत्र करून द्या" म्हणालं की आधी काय विचारायचं, ते माहीत नव्हतं. या कामात नवीन येणाऱ्यांनी निदान तेवढं तरी माझ्यासारखं ठेच लागून शिकू नये.

पहिल्याच महिन्यात पीएच.डी. करणाऱ्या एक ताई पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. पाच अध्यायांच्या पाच वर्ड फाइली. प्रत्येकीत मार्गदर्शक सरांनी ट्रॅक चेंजेस लावून, म्हणजे काय खोडलं, काय घातलं याची नावानिशी खूण राहील अशा, केलेल्या दुरुस्त्या आणि बाजूला कॉमेंटा. ताईंना एक फाइल हवी होती, सगळ्या खुणा जशाच्या तशा. मी नवीन फाइल उघडली, शहाणपणा म्हणून तिथंही ट्रॅकिंग चालू केलं, आणि एकेक अध्याय कॉपी-पेस्ट करत गेलो. अर्ध्या तासात काम उरकलं.

संध्याकाळी दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, स्क्रीनपाशी वाकले. "आरं, हे सगळं तूच लिवलंस व्हय?"

दीडशे पानं एकाच रंगात, एकाच नावाखाली, आणि ते नाव माझं. सरांनी खोडलेली वाक्यं गायब. त्यांनी घातलेली वाक्यं मूळ मजकुरात मिसळून गेलेली. म्हणजे सरांची प्रत्येक दुरुस्ती मी ताईंच्या वतीनं मान्य करून टाकली होती. ताई ज्या तीन ठिकाणी सरांशी भांडणार होत्या, तीही त्यातच. पेन ड्राइव्हवरच्या मूळ फाइलींना हात लागला नव्हता म्हणून निभावलं.

चूक बारीक होती. ट्रॅकिंग चालू असलेल्या फाइलीतून मजकूर उचलला की वर्ड तो दुरुस्त्या मान्य झाल्यासारखा उचलतं, आणि चालू असलेल्या फाइलीत टाकला की तो तुमच्या नावावर नवा मजकूर म्हणून नोंदवतं. म्हणून ट्रॅकिंग दोन्हीकडं बंद करायचं, कंट्रोल-शिफ्ट-ई. बंद केल्यानं जुन्या खुणा पुसल्या जात नाहीत, फक्त नव्या नोंदी थांबतात. नवीन पोरांना हे पटायला वेळ लागतो, ती बटण दाबायलाच घाबरतात. मग व्ह्यू 'ऑल मार्कअप'वर ठेवायचा, कुणा एकाच्या खुणा लपवलेल्या नाहीत ना ते बघायचं, आणि मगच कंट्रोल-ए, कॉपी, पेस्ट.

दोन अध्यायांच्या मध्ये 'नेक्स्ट पेज'चा सेक्शन ब्रेक टाकायला विसरू नका, नाहीतर पहिल्या अध्यायाचं शीर्षक पाचव्याच्या डोक्यावर मिरवतं. ब्रेक टाकल्यावर हेडरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस'ही काढावं लागतं. आणि दोन्ही फाइलींत 'नॉर्मल' नावाची स्टाइल असेल पण फाँट वेगळे असतील, तर ज्या फाइलीत तुम्ही पेस्ट करताय तिचंच चालतं. 'तुम्ही माझा फाँट बदलला' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

हे झालं वेगवेगळे अध्याय जोडण्याचं. दुसरं काम याहून निराळं, पण गिऱ्हाईक त्यालाही 'एकत्र करा'च म्हणतं. एकच लेख तिघांना पाठवला, तिघांनी आपापल्या प्रतीत दुरुस्त्या केल्या, आता तिघांचं एकाच प्रतीत दिसलं पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून वकिलांचे मसुदेही असे दोन-तीन हातांतून फिरून आमच्याकडं यायला लागलेत. इथं कॉपी-पेस्टचा काही उपयोग नाही. म्हणून फाइल हातात घेतल्या घेतल्या मी एकच विचारतो: "ही एकाच कागदाची पिल्लं आहेत, की वेगवेगळे कागद?"

पिल्लं असतील तर रिव्ह्यू टॅबवर कंपेअर, त्याखाली कंबाइन. कंपेअर आणि कंबाइन यांत गल्लत नको. कंपेअर आधीच्या खुणा मान्य झाल्यात असं धरून फक्त फरक दाखवतं. कंबाइन प्रत्येकाच्या खुणा त्याच्या नावानिशी एकत्र आणतं, पण एका वेळी दोनच फाइली. म्हणून मूळ प्रत आणि पहिल्याची प्रत जोडायची, जो निकाल येईल त्याला दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. 'मोअर' दाबलं की खाली निकाल कुठं दाखवायचा ते विचारतात, तिथं कायम 'न्यू डॉक्युमेंट'. कुणी ट्रॅकिंग न लावताच दुरुस्त्या केल्या असतील, तर 'लेबल अनमार्क्ड चेंजेस विथ'च्या रकान्यात त्याचं नाव घाला. फाँट-ठळक-तिरपं यांचा मात्र एकच संच टिकतो, कुणाचा ठेवायचा ते वर्ड विचारतं. ते उत्तर गिऱ्हाइकाकडून घ्या, आपल्या मनानं देऊ नका.

मराठीत याच्यावर एक खास भानगड आहे. एकदा दोन प्रती जोडल्या तर 'दुसऱ्या' हा शब्द जिथं तिथं खोडलेला, आणि त्याच्याच शेजारी तोच 'दुसऱ्या' नव्यानं घातलेला. डोळे फाडून बघितलं, फरक काही दिसेना. 'ऱ्य' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामायिक अक्षर-पद्धतीत, दोन तऱ्हांनी उमटतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. दोघांचे कळफलक वेगळे, म्हणून आतली अक्षरं वेगळी. माणसाला एक दिसतं, संगणकाला दोन. आता मी सगळ्या प्रतींच्या नकलांत ट्रॅकिंग बंद ठेवून आधी एकच रूप करून घेतो, मग कंबाइन. एक प्रत श्रीलिपीतल्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आणि दुसरी युनिकोडमध्ये असेल, तर कंबाइनच्या नादाला लागूच नका, सगळाच्या सगळा मजकूर लाल होतो.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांना एडिटमधल्या ट्रॅक चेंजेसखाली मर्ज डॉक्युमेंट मिळेल. तिथं नोंद न करता कुणी मूळ मजकुराला हात लावला असेल तर गाडी अडते, आणि तळटीपांतल्या, हेडरमधल्या दुरुस्त्या धरल्याच जात नाहीत. थिसिसमध्ये निम्मी भांडणं तळटीपांवरच असतात, त्यामुळे मी तिकडं जात नाही. गूगल डॉक्समधलं काम असेल तर फाइल वर्डमध्ये उतरवून घ्या, सजेशन्स ट्रॅक चेंजेस होऊन येतात.

कधी सगळ्या खुणांवर नावाऐवजी नुसतं 'ऑथर' दिसतं. सेव्ह करताना वैयक्तिक माहिती काढून टाकायची सोय त्या फाइलीत चालू राहिलेली असते. फाइल मेन्यूतल्या इन्फोमध्ये ती बंद करता येते, पण पुसलेली नावं परत येत नाहीत. गिऱ्हाइकाला हे काम घेतानाच सांगावं, देताना नव्हे.

अण्णांनी लावलेली एक सवय अजून सुटलेली नाही. जोडण्याआधी प्रत्येक फाइलीत रिव्ह्यूइंग पेन, म्हणजे सगळ्या खुणांची यादी दाखवणारा कप्पा, उघडायचा, एकूण खुणांचा आकडा चिठ्ठीवर लिहायचा. अध्याय जोडून झाले की नव्या फाइलीतला आकडा त्या बेरजेशी ताडायचा. परवाच एका प्रबंधाचा आकडा बेरजेपेक्षा चार खुणांनी कमी आला. अर्धा तास शोधलं. चौथा अध्याय कंट्रोल-ए न करता माउसनं ओढून निवडला होता, शेवटचा तक्ता मागंच राहिला होता. चारही खुणा त्या तक्त्यातल्या होत्या.