नदीकाठाच्या कामावर मत पाठवताय? या चुका टाळा

कायाहोगा नदीचा काठ ढासळला आणि पार्कवाल्यांनी लोकांची मतं मागवली की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दरवेळी तोच गोंधळ, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी: ओहायोत क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रनच्या मधे कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्क आहे. तिथला टोपाथ ट्रेल म्हणजे कालव्यातल्या बोटी खेचरं ज्या वाटेनं ओढायची ती वाट. कालव्याचा हा भाग १८२७ मध्ये सुरू झाला, आणि १८८० पासून रेल्वेही त्याच दरीतून जाते. नदी वळणं घेत सरकत राहते, ट्रेल आणि रूळ जागचे हलत नाहीत, भांडण एवढंच आहे.

सगळ्यात मोठी चूक कॉपी-पेस्ट, आणि ती मी स्वतः केलीय. एका काठदुरुस्तीच्या वेळी मी मस्त भावनिक पत्र लिहिलं, ग्रुपवर टाकलं, म्हटलं सगळ्यांनी पाठवा. तीसेक जणांनी पाठवलं, त्यातल्या दोघांनी तर खाली ‘इथे आपलं नाव लिहा’ तसंच ठेवलं होतं! नंतर पार्कचे उत्तराचे कागद आले तेव्हा आमच्या सगळ्यांची मिळून एक ओळ, ‘नोंद घेतली’. आणि कुणीतरी एकानं चारच वाक्यं लिहिली होती, अमुक मैलाच्या खांबाजवळ मोरीचं पाणी ट्रेलवरून वाहतं आणि काठ तिथूनच खचतोय, त्याला वेगळं उत्तर. अहो ही निवडणूक नाहीये, मतं मोजत नाहीत, मुद्दे बघतात.

दुसरी चूक, ‘काँक्रीटची भिंत बांधा, विषय संपवा’. हे लिहिणारे नदीवर बहुतेक सेल्फीपुरते गेलेले असतात. मी कृष्णाकाठचा, आमचे आजोबा पूर चढताना नाही तर ओसरताना मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, जाऊ द्यायचे नाहीत, कारण भिजून जड झालेल्या मातीला पाण्याचा टेकू असतो तो निघाला की अख्खी दरड खाली येते. इथंही तेच, आणि त्यात पायथा आधीच पाण्यानं पोखरलेला. म्हणून मोठे दगड पायथ्याला लागतात आणि वर विलोच्या फांद्या खोचतात, आपल्या वाळुंजाचीच भावकी, मुळं माती धरून ठेवतात. नुसती सरळ भिंत घातली तर पाण्याचा जोर तिथं जिरत नाही, पुढच्या वळणावर जाऊन दुसऱ्याचा काठ खातो.

माझी सवय सांगतो. पूर उतरल्यावर दोन दिवसांनी जायचं, काठाच्या टोकावर उभं राहायचं नाही, दरवेळी एकाच जागेवरून तेच झाड चौकटीत धरून फोटो काढायचा. पत्रात मैलाचा खांब, तारीख, झाड ट्रेलपासून किती पावलांवर होतं आणि आता किती, बस. आणि एक प्रश्न नक्की विचारायचा: इथं ट्रेलच थोडा आत सरकवला तर? रुळांना झटकन वळण देता येत नाही, वाटेला देता येतं. पण ती वाट स्वतःच ऐतिहासिक आहे, त्यामुळे ‘हलवा की’ इतकं सोपंही नाही, तेवढं भान ठेवून विचारा.

बाकी किरकोळ. १९६९ ला नदीला आग लागली त्यावर दोन पॅरा लिहू नका, तो प्रदूषणाचा विषय, सगळ्यांना माहितीये. २०२० मध्ये याच नदीवरचा ब्रेक्सव्हिलचा बंधारा काढला म्हणून सगळं होतंय असं ठोकून देण्याआधी तुमची जागा त्याच्या वर आहे की खाली ते तरी नकाशात बघा. वरच्या गावांतल्या पार्किंग लॉटचं पाणी नदीत भसकन येतं ते मात्र कुणीच लिहीत नाही. स्वतःचा फोन नंबर मजकुरात टाकू नका, ही पत्रं सार्वजनिक होऊ शकतात.

आणि मुदत असते साधारण महिनाभर, तेव्हा शेवटच्या रात्री अकराला ‘दादा फॉर्म कुठाय’ असा मेसेज मला करू नका, मी झोपलेला असतो.