माणसांतून पंधरा मिनिटं बाजूला

तीन-चार तास सलग माणसांत काढले की अंतर्मुख माणसाचं डोकं जड होतं. मग आपण काय करतो? स्वच्छतागृहात शिरतो आणि मोबाइल उघडतो. ती नुसती पळवाट झाली, विश्रांती नव्हे.

त्यापेक्षा जवळचं सार्वजनिक वाचनालय गाठा. तिथे बोलायचं नाही हा नियमच असतो, त्यामुळे गप्प बसलात तरी ‘बरं नाही का?’ असं कुणी विचारत नाही. संग्रहालयातला बाक किंवा बागेचा आडबाजूचा कोपराही चालेल. कॅफे मी शक्यतो टाळते. कप रिकामा झाला की उठावं लागेल, ही टोचणी डोक्यात राहते.

जागा निवडताना पाठीशी भिंत हवी आणि दार लांब. मागून कुणी येणार नाही एवढं कळलं तरी खांदे आपोआप सैल पडतात. हेडफोन लावा, गाणं नाही लावलं तरी हरकत नाही. कानावर ते दिसले की लोक सहसा गप्पा सुरू करत नाहीत!

नजर हलणाऱ्या पानांवर किंवा पाण्यावर ठेवा. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार अशी दृश्यं लक्ष अलगद वेधतात आणि थकलेल्या एकाग्रतेला उसंत मिळते. मोबाइलच्या स्क्रीनवर ते होत नाही.

निघताना सोबतच्यांना ‘पंधरा मिनिटांत आलेच’ एवढं सांगा आणि व्हायब्रेटवर अलार्म लावा, म्हणजे सारखं घड्याळ बघावं लागत नाही.