मॉडेल चेकर मेमरी खातोय? आधी व्हेरिएबल ऑर्डर बघा

न्यूएसएमव्ही या मॉडेल चेकरमध्ये (डिझाइन दिलेला नियम पाळतं का हे तपासणारं टूल) रन लावला की बीडीडी (बायनरी डिसिजन डायग्राम, म्हणजे लॉजिक साठवणारा नोडांचा आलेख; त्यात व्हेरिएबल कुठल्या क्रमाने येतात ती ऑर्डर) फुगत जातो आणि मशीन हँग, अशा वेळी लगेच रॅम वाढवायला धावू नका. ए आणि बी ही दोन ८ बिटी रजिस्टर सारखी आहेत का एवढंच तपासायचंय समजा, तर ए०, बी०, ए१, बी१ अशी जोडीजोडीने ऑर्डर लावली की २६ नोड, आणि आधी सगळे ए मग सगळे बी लावले तर थेट ७६७! हाताने जमत नसेल तर डायनॅमिक रीऑर्डरिंग (टूलच रन चालू असताना ऑर्डर बदलून बघतं) चालू करा, वेळ खातं पण मिळालेली ऑर्डर फाइलमध्ये सेव्ह करून पुढच्या रनला तीच द्यायची. प्रॉपर्टीशी, म्हणजे तपासायच्या नियमाशी, संबंध नसलेलं लॉजिक कोन ऑफ इन्फ्लुएन्सने (नियमावर परिणाम करणारे व्हेरिएबलच ठेवायची सोय) उडवा. मल्टिप्लायर (गुणाकाराचं सर्किट) असेल तर मात्र ऑर्डरच्या नादी लागूच नका, कुठलीही लावा बीडीडी फुगणारच, तो भाग सरळ ॲब्स्ट्रॅक्ट करून टाका, म्हणजे त्याच्या जागी सोपं मॉडेल ठेवा.