शेवटच्या दोघांत बसण्याआधी चळती पुन्हा रचा

ओळखपत्र, पॅन कार्ड, स्वेटर. गोव्यातल्या कॅसिनोत 21 वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला नेते, पण उतरल्या दिवशीच खेळायला बसू नका, एक रात्र नीट झोपा. बाकीचं सामान तुमचं तुम्ही बघा. मला सांगायचंय ते पोकरच्या स्पर्धेत टेबलावर शेवटचे दोघं उरल्यावरचं. गेल्या खेपेला मी तिथवर पोचलो होतो आणि एका भागाकारापायी हरलो.

ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी सक्तीने लावायच्या दोन रकमा, 20,000 (स्मॉल) आणि 40,000 (बिग) होते. माझ्याकडे 20,000 च्या 24 चिप्स, म्हणजे 4,80,000. मी दोन-दोन चिप्सच्या 12 चळती लावलेल्या. एक चळत म्हणजे एक बिग ब्लाइंड, म्हणून डोक्यातही 12. मग लेव्हल बदलली, ब्लाइंड 30,000 आणि 60,000 झाले. डीलरने ते मोठ्याने सांगितलं, मी ऐकलंही. पण चळती तशाच राहिल्या. माझ्याकडे आता 8 बिग ब्लाइंड होते आणि मी 12 असल्यासारखा खेळत होतो. बटणावर (पत्तेवाटपाची खूण असलेल्या जागेवर) राजा-अठ्ठी आली, मी 1,20,000 ला रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली, समोरच्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, मी पत्ते टाकले. पाव स्टॅक (जवळच्या एकूण चिप्स) गेला. पुढच्या डावात बिग ब्लाइंडवर राणी-नव्वी आली, समोरून पुन्हा ऑल-इन, मी पुन्हा टाकले. त्यानंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

म्हणून तयारीत पहिलं हे: लेव्हल बदलली की चळती मोडायच्या आणि नव्या बिग ब्लाइंडच्या मापाने पुन्हा रचायच्या. पत्ते उचलायच्या आधी. 40,000 ला दोन चिप्सची चळत, 60,000 ला तीनची. चळती मोजल्या की उत्तर समोर असतं, थकलेल्या डोक्याने भागाकार करावा लागत नाही. आणि मोजायचा तो दोघांतला लहान स्टॅक. तुमच्याकडे 30 लाख असले आणि समोर 4,80,000 असले, तरी डाव 8 बिग ब्लाइंडचाच आहे. हे विसरून मोठ्या स्टॅकवाले ऐटीत भलतंच खेळतात.

सराव नाशिकातच करा आणि पैसे न लावता करा. 1887 चा जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. चिप्सची पेटी आणि एक मित्र पुरतो. आम्ही रविवारी मिसळ खाऊन गंगापूर रोडला एकाच्या गच्चीवर बसतो. मोबाइलवर दर दहा मिनिटांनी गजर, गजर झाला की ब्लाइंड वाढवायचे. प्रत्येक डावाआधी दोघांनी आपापला आकडा मोठ्याने बोलायचा, आठ, साडेसात, सहा, आणि मगच पत्ते बघायचे. न बोलता पत्ते उचलले तर तो डाव सोडायचा. एकटे असाल तर सीबीएसच्या सिग्नलला उभं राहून पुढच्या एमएच 15 गाडीचा नंबर घ्या आणि 600 ने भागा. 4830 म्हणजे आठ. हे वेडेपणाचं वाटलं तरी करा. मला भागाकार येत नव्हता असं नाही, तो करायचं सुचलं नाही. सुचण्याचीच सवय लावायची आहे.

आता आकड्याचं काय करायचं. दोघांच्या खेळात बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपआधी (टेबलावर पहिले तीन सामायिक पत्ते उघडण्याआधी) तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. हे घरूनच पाठ करून जा. 10 च्या खाली आलात की बटणावरून ऑल-इन नाहीतर फोल्ड (पत्ते टाकणं), मधलं काही नको. माझंच उदाहरण घ्या. 8 पैकी 2 टाकून रेझ केलं, समोरून ऑल-इन आलं, की 6 घालून 10 जिंकायचे असतात. म्हणजे साडेसदतीस टक्के संधी पुरते, आणि राजा-अठ्ठीला ती सहसा असतेच. तेव्हा रेझ चुकीचं होतं आणि नंतरचं फोल्ड त्याहून चुकीचं. थेट ऑल-इन केलं असतं तर समोरच्याला पत्ते टाकायची संधी राहिली असती, आणि दोन ब्लाइंड मिळून दीड बिग ब्लाइंड अशा वेळी लहान रक्कम नसते. कॉल आलाच, म्हणजे समोरच्यानेही तेवढीच रक्कम लावली, तरी सगळं संपत नाही. एकाच रंगाची गुलाम-नव्वी एक्का-राजासमोरसुद्धा शंभरात 40 च्या आसपास वेळा जिंकते.

गणिती जॉन नॅशने 1950 मध्ये मांडलेल्या समतोलावरून (एकट्याने खेळ बदलून कुणालाच फायदा नाही अशी स्थिती) काढलेले तक्ते मिळतात, ते पाठ करा. 10 बिग ब्लाइंडला बटणावरून साधारण 58 टक्के हातांवर (हाती येणाऱ्या दोन पत्त्यांवर) ऑल-इन करायचं आणि बिग ब्लाइंडवरून साधारण 37 टक्के हातांवर कॉल. बहुतेकांना पहिला आकडा फार वाटतो. वाटू दे, पाठ करा. टेबलावर मोबाइल काढून बघता येणार नाही. हे आकडे अँटीशिवायचे (ब्लाइंडखेरीज डावाआधी भरायच्या जादा रकमेशिवायचे) आहेत. अँटी असेल तर आणखी सैल खेळायचं. कॉलचा हिशोब लहान स्टॅकला भराभर बदलतो: 10 असताना 45 टक्के संधी लागते, 5 असताना 40, 3 असताना 33. तीनवर आलात की जवळजवळ काहीही घेऊन कॉल. पण पाच आहेत की तीन, हे कशावरून कळणार? चळतींवरून. पुन्हा रचल्या असतील तरच.

दुसऱ्या बक्षिसाची भीती घरी ठेवा. ते मिळालेलंच असतं. तिघं असताना जपून खेळणं ठीक, दोघांत प्रत्येक चिपची किंमत सारखी.

तिसरा बाद झाल्यावर बटण कुठे जातं ते डीलरला विचारा. लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड भरायला लागू नये असा नियम आहे. घड्याळाकडे तोंड करून बसा. पाणी प्या. डबल झालात, चळती पुन्हा. समोरचा लहान झाला, त्याच्या चळती मोजा. ब्रेकनंतर चळती पुन्हा, ब्रेकमध्ये लेव्हल बदलते. बक्षीस वाटून घ्यायचं असेल तर बोलणी टूर्नामेंट डायरेक्टरसमोरच. हातात येतं ते 30 टक्के कर कापून, पॅन कार्ड त्यासाठी. परतीचं तिकीट आधीच काढलेलं बरं.