मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीचा क्लच घरी बदलण्यापूर्वीची तयारी

गिअरबॉक्स एकदा खाली उतरला की गाडी जागची हलत नाही, आणि विसरलेली वस्तू आणायला त्याच गाडीने जाता येत नाही. घरी क्लच बदलण्याचे काम रखडते ते बहुधा याच कारणाने. पाना फिरवण्यापेक्षा एखाद्या सीलची किंवा बोल्टची वाट पाहण्यातच अधिक वेळ जातो. म्हणून पुढची तयारी गाडी चालती असतानाच पुरी करावी.

सर्वांत आधी क्लच खरोखरच झिजला आहे याची खात्री करून घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर जोरात दाबला असता इंजिनाचा आवाज चढला, पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. मात्र पेडलला मोकळी चाल (जोर लागण्याआधी पेडल नुसतेच सरकते ते अंतर) उरली नसेल तरीही नेमके हेच लक्षण दिसते. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते, आणि ती संपली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट आवळून धरणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगच्या बोटांवर सतत रेलून राहते, त्यामुळे प्लेट पुरती आवळली जात नाही. तेव्हा आधी केबल सैल करून पुन्हा चालवून पाहावे. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचे क्लच झाकणारे पुढचे रुंद कवच) तळाशी तेल ठिबकत असेल तर ते बोटावर घेऊन वास घ्यावा: गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे आणि गळती इनपुट शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा क्लचमध्ये शिरणारा दांडा) सीलची आहे, साधे काळे इंजिन ऑइल असेल तर संशय क्रँकशाफ्टच्या (इंजिनाचा मुख्य दांडा) मागच्या सीलवर घ्यावा.

सुटे भाग मागवताना केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये. जुन्या गाडीत मधल्या एखाद्या मालकाने दुसरे इंजिन किंवा दुसरा गिअरबॉक्स बसवलेला असू शकतो, म्हणून दोन्हींवरचे क्रमांक पाहूनच मागणी नोंदवावी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्रच घ्यावेत. जुने बेअरिंग अजून गुळगुळीत फिरते म्हणून तेच ठेवण्याची काटकसर मला कधीच पटलेली नाही, कारण ते पुढे किरकिरू लागले तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. याच न्यायाने क्रँकशाफ्टच्या टोकातले, इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे पायलट बुश, वर सांगितलेली दोन्ही सीले, फ्लायव्हीलचे (क्रँकशाफ्टच्या टोकावरचे जड चाक, ज्यावर क्लच बसतो) नवे बोल्ट आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग आधीच घरात असावे. गिअर ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे घ्यावे; पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ प्रतीचे तेल लागते.

फ्लायव्हीलचा निर्णय तो डोळ्यांना दिसल्यावरच घेता येतो. त्यावर निळसर डाग, बारीक भेगा किंवा नखाला लागणारे चर असतील तर तो लेथवर साफ करून घ्यावा लागतो. असे काम करणारा कारागीर आधीच शोधून ठेवावा, आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी गाडी उघडू नये.

आता उंचीचा हिशोब, ज्यात बहुतेक जण चुकतात. गिअरबॉक्स इंजिनापासून सुटला तरी तो गाडीखालून बाहेर सरकायला हवा, आणि त्याचा सर्वांत उंच भाग म्हणजे बेल हाउसिंग. खाली शिरून टेपने बेल हाउसिंगची उंची मोजावी, त्यात जॅकची किमान उंची मिळवावी, वर चार बोटे जागा धरावी. चेसिसची खालची कड जमिनीपासून निदान तितकी वर हवी. ही उंची देतील असे चार मजबूत स्टँड सपाट काँक्रीटवर लावावेत. विटा, दगड किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मागची चाके उचललेली आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) काढलेला असला की गाडीला ना गिअर अडवतो ना मागच्या चाकांवरचा हँडब्रेक, म्हणून गाडी उचलत असताना पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पक्की अटकण हवी. सर्व स्टँड लागल्यावर गाडी हाताने जोरात हलवून पाहावी. ती डुलली तर लगेच खाली उतरवून पुन्हा लावावी.

हत्यारांत नेहमीच्या सॉकेट संचाखेरीज टॉर्क पाना आणि निदान दोन लांब एक्स्टेन्शन हवीत, कारण बेल हाउसिंगच्या माथ्यावरचे बोल्ट गिअरबॉक्सच्या शेपटीकडूनच गाठता येतात. सायलेन्सरच्या पाइपाचे गंजलेले नट आणि हे वरचे बोल्ट यांवर दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारे तेल मारत राहावे. काढलेले बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे निघतात. पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचा आकार काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी टोचून ठेवावा.

बॅटरीची ऋण तार सर्वांत आधी काढावी, कारण स्टार्टरच्या जाड तारेत चावी बंद असतानाही वीज असते. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर काढण्यापूर्वी रंगाची एक रेघ मारावी, म्हणजे तो पुन्हा त्याच स्थितीत बसेल आणि कंप येणार नाही. इंजिनाच्या ऑइल सम्पखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसरा जॅक लावण्याची सोय हवी. मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा भाग) सुटला की इंजिन मागे कलते, आणि तेव्हा रेडिएटरचा होज ताणला जातो किंवा डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्यावर आदळतो. क्लच हायड्रॉलिक असेल तर सुटलेला स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या तेलदाबाने क्लच सोडवणारा) तारेने बांधावा आणि पेडलखाली लाकूड अडकवावे. मी एकदा ते केले नाही. मदतनीस सीटवर बसला, सवयीने त्याचा पाय पेडलवर पडला, आणि पिस्टन ब्रेक ऑइलसकट माझ्या बाहीवर आला.

मदतनीस मात्र हवाच. साध्या चार गिअरांच्या गिअरबॉक्सचे वजनही ३० ते ४० किलोच्या आसपास भरते, आणि तो क्षणभरही इनपुट शाफ्टवर लोंबकळता कामा नये, नाहीतर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो. परत बसवताना सोपे जावे म्हणून बेल हाउसिंगच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट आणून, त्यांची डोकी कापून, टोकाला करवतीने खाच पाडून ठेवावी. हे इंजिनात बसवले की गिअरबॉक्स त्यांवरून सरळ सरकतो, आणि मागाहून ते स्क्रू ड्रायव्हरने काढता येतात.

क्लच प्लेटच्या जुन्या लायनिंगमध्ये (घासले जाणारे अस्तर) अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून बेल हाउसिंगमधली काळी भुकटी हवेच्या झोताने किंवा कोरड्या ब्रशने कधीही उडवू नये. चांगला मास्क, ओल्या चिंध्या आणि त्या बांधून टाकायला पिशव्या आणून ठेवाव्यात. ब्रेक क्लीनरचे दोन डबे घ्यावेत, कारण नव्या प्रेशर प्लेटवर गंजरोधक तेलाचा थर असतो आणि तो पुसल्याशिवाय ती बसवता येत नाही.

प्लेट मध्यावर धरणारा अलाइनमेंट दांडा नव्या संचासोबत आला नसेल तर वेगळा मागवावा. तो स्प्लाइनमध्ये (प्लेटच्या मधल्या छिद्रातल्या खाचा) सैल डुलत असेल तर त्यावर चिकटपट्टीचे वेढे देऊन घट्ट करावा. प्लेट मध्यापासून किंचित जरी सरकली तरी गिअरबॉक्स शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर आत जात नाही, आणि मग बोल्ट आवळून ते अंतर मिटवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यात बेल हाउसिंगचा कान तुटतो. प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते, ती आधीच वाचून खडूने ठळक करावी. स्प्लाइनसाठी उच्च तापमानाचे ग्रीस लागते, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकेच. जास्त झालेले ग्रीस फिरताना लायनिंगवर उडते.

शेवटी एक चिठ्ठी आणि दोरा. गिअर ऑइल काढताच ‘गिअरबॉक्समध्ये तेल नाही’ असे लिहून ती स्टिअरिंगला बांधावी, आणि नवे तेल भरून झाकण आवळल्यावरच सोडावी.