सेटलिंग टँकमधून पाणी ओढताना कॅव्हिटेशन कसं टाळाल?

पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो, डिलिव्हरी गेजचा काटा नाचतो आणि उघडून पाहिलं तर इंपेलरच्या (पंपात फिरणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर बारीक खड्डे. मुंबईत तळघराच्या खोदकामाचं पाणी सेटलिंग टँकमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, निवळवून वापरतात अशा साइटवर हे बघायला मिळतं. पंप बदलण्याआधी सक्शन लाइन, म्हणजे टाकीतून पंपाकडे पाणी ओढणारा पाइप, तपासा. तिथला दाब फार उतरला की गार पाण्याचीही वाफ होते. ते वाफेचे बुडबुडे पुढे दाबाखाली फुटतात आणि धातू उकरतात. हेच कॅव्हिटेशन.

आधी हिशेब. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे १०.३ मीटर पाणी. त्यातून ३० अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब ०.४ मीटर, पाण्यापासून पंपाच्या मध्यापर्यंतची उंची आणि घर्षणाचा तोटा वजा करा. उंची ४ आणि तोटा १.५ असेल तर उरले ४.४ मीटर. तुम्हाला हव्या त्या प्रवाहाला पंपाची एनपीएसएच, म्हणजे पंपाला तोंडाशी लागणारा किमान दाब, याहून निदान १ मीटर कमी हवी. उंची मोजायची ती टाकी सर्वांत खाली गेल्यावरची. भरलेल्या टाकीवर केलेला हिशेब फसतो.

तासाला २० घनमीटरसाठी ५० मिमी पाइपात वेग सेकंदाला २.८ मीटर होतो, ८० मिमीत १.१. दीडच्या आत ठेवा. पंपाच्या तोंडाशी एक्सेंट्रिक रिड्यूसर (पाइपाचा व्यास कमी करणारा, एका बाजूने सपाट जोड) लावा, सपाट बाजू वर, नाहीतर तिथे हवा अडकते. लाइन पंपाकडे सलग चढती हवी.

खरा त्रास गाळाचा. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या पाण्यातल्या टोकाचा जाळीचा व्हॉल्व्ह) तळाशी टेकवला की जाळी चोंदते आणि हिशेबातला तोटा वाढत जातो. तोंड गाळाच्या थराच्या ३० सेंटिमीटर वर आणि पाण्याच्या किमान पातळीखाली ५० सेंटिमीटर असू द्या. पातळी त्याहून खाली जाण्याआधीच फ्लोट स्विचने (पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचने) पंप बंद व्हावा. पावसाळ्यात थर झपाट्याने चढतो, रोज बांबू घालून मोजा. ड्रमला बांधलेलं तरंगतं सक्शन सर्वांत चांगलं, फक्त होज आत तारेचं वेटोळं असलेला घ्या. साधा आत ओढला जाऊन चपटा होतो.

सक्शनला व्हॅक्यूम गेज बसवा. जाळी साफ असतानाचं रीडिंग पंपावरच लिहून ठेवा. पातळी तीच असताना काटा ४० मिमी पाऱ्याने वाढला की जाळी धुवा. ७५ मिमी वाढला म्हणजे ती १ मीटरची सूट संपली.

आवाज आलाच तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळा. आवाज घटला तर कॅव्हिटेशनच. फरक पडला नाही तर सक्शनच्या जोडांवर शेव्हिंग फोम लावा. हवा जिथून शिरते तिथे फेस आत ओढला जातो. सक्शन व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका, तो पूर्ण उघडाच हवा.