ट्रॅव्हलरमधल्या पलंगाच्या फळ्या: माझा अनुभव

जुनी हाय-रूफ टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, तेव्हा आतल्या घडीच्या पलंगाच्या दोन फळ्या गायबच होत्या. तयार फळ्या कुठे मिळणार? पुठ्ठ्याचा साचा केला. गाडीची बाजू सरळ नसते, वर जाताना आत झुकते. नुसत्या टेपच्या मापावर भागत नाही. पुठ्ठा पत्र्याला टेकवून वाकण पेन्सिलीने उतरवून घेतलं, चाकावरच्या उंचवट्याची खाचही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, बंद गाडीची तर भट्टीच होते. साध्या प्लायचे पापुद्रे सुटतात, म्हणून आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, १८ मिमी जाडीचा घेतला. महाग पडतो, पण तिथे काटकसर नको. १२ मिमी हलका खरा, मधे आधार नसेल तर लचकतो.

सुतारमामा म्हणाले, "कडेला पाच मिमी सूट ठेवा साहेब, नाहीतर अक्कलकोटपर्यंत करकर ऐकत जाल." ठेवली. मधल्या जोडाला पियानो बिजागरी (जोडाच्या पूर्ण लांबीची एकसलग पट्टी) लावली, तीही स्क्रूवर नाही, आरपार बोल्ट आणि नायलॉक नटवर (आत नायलॉनची कडी असलेला, सहसा ढिला न होणारा नट). हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. फळ्यांना भोकं पाडली, गादीखाली ओल धरत नाही. वर चादर सोलापुरीच, हे सांगायला नको. उरलेल्या तुकड्यात खालच्या पेटीचं झाकण निघालं.